एक पाखाडी धरा: ग्रामपंचायतीचा पैसा कसा ठरतो, कसा खर्ची पडतो आणि कुठे लिहिला जातो

कोकणात गाव म्हणजे एक सलग वस्ती नसते. एक वाडी खाडीकाठी, एक आगरात, एक वर कातळावर, आणि त्यांना जोडणारी जांभ्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची पायवाट. दोन-चार पावसाळे गेले की चिरे निखळतात, म्हातारी माणसं उतरायला घाबरतात आणि कोणीतरी म्हणतं, "पंचायतीला एवढा निधी येतो, जातो कुठे?"

हाच प्रश्न मी एकदा भर ग्रामसभेत आवाज चढवून विचारला होता. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी शांतपणे उत्तर दिलं: "बंधितमध्ये बसत नाही, अबंधित संपलाय, आणि त्या कामाला तांत्रिक मान्यता नाही." मला त्यातलं काहीच कळलं नाही, आणि आजूबाजूला बसलेल्या कोणालाही कळलं नाही. सभा पुढच्या विषयाकडे गेली. त्यानंतर बरीच वर्षं कागद मागून, विचारून, चुकून जे समजलं ते इथे लिहितोय. नव्याने निवडून आलेले सदस्य, नोकरी संपवून गावी परतलेले चाकरमानी, ग्रामसभेला पहिल्यांदा जाणारी मुलंमुली, यांच्यासाठी हे आहे.

माझी सूचना एकच. पंचायतीचा सगळा हिशोब एकदम समजून घ्यायला जाऊ नका. तुमच्या वाडीतलं एक काम निवडा. पाखाडी घ्या, विहीर घ्या, साकव म्हणजे ओढ्यावरचा लहान पूल घ्या, आणि त्याच्या पैशाबरोबर पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत चालत जा. वाटेत बाकीचं सगळं आपोआप भेटतं.

पहिली पायरी: 'अंदाजपत्रक' कोणतं ते आधी विचारा

नवख्या माणसाचा निम्मा गोंधळ या एका शब्दाने होतो, कारण गावात तो दोन वेगळ्या कागदांना वापरतात. एक असतं पंचायतीचं वार्षिक अंदाजपत्रक: १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात किती पैसे येतील आणि कशावर खर्च होतील याचा अंदाज. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ६२ नुसार ते करावं लागतं आणि दप्तरात त्याला 'नमुना १' म्हणतात. दुसरं असतं एका कामाचं अंदाजपत्रक. ते कनिष्ठ अभियंता काढतो: किती मीटर, किती चिरा, किती सिमेंट, किती मजुरी.

शिवाय तिसरा कागद म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा. महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने तो सुरू झाला. काम आधी आराखड्यात यावं लागतं, मग वार्षिक अंदाजपत्रकात त्याला पैसे ठेवावे लागतात, मग त्याचं स्वतःचं अंदाजपत्रक निघतं. आमची पाखाडी तीन वर्षं आराखड्यात होती आणि अंदाजपत्रकात एकदाही नव्हती. आम्ही मात्र "मंजूर आहे" असं समजून बसलो होतो.

दुसरी पायरी: पैसा कोणत्या खिशातला आहे ते ओळखा

पंचायतीच्या पैशाला रंग असतो. एका कामासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळवता येत नाही, आणि भाऊसाहेबांच्या त्या न कळलेल्या उत्तराचा अर्थ हाच होता.

पहिला खिसा स्वतःच्या उत्पन्नाचा. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळ्यांचं भाडं. कोणते कर लावता येतात हे कलम १२४ मध्ये आहे. यात्रेकरूंवरच्या कराचीही तिथे तरतूद आहे, आणि देवस्थानाच्या गावांनी ते कलम जरूर वाचावं. या उत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात. समजा वर्षात कराची वसुली २,२०,००० रुपये झाली. त्यातले अनुक्रमे ३३,०००, २२,००० आणि ११,००० बाजूला गेले, म्हणजे ६६,०००. उरले १,५४,०००. त्यातून शिपायाचा आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, पंपाचं वीजबिल, रस्त्यावरचे दिवे. पाखाडीपर्यंत फारसं काही पोहोचत नाही. हे गणित एकदा स्वतःच्या गावाचे आकडे घालून करा. सरपंचांशी बोलताना तुमचा सूर बदलेल, माझा बदलला.

जमीन खरेदी-विक्रीच्या मुद्रांक शुल्कावर जो अधिभार असतो, त्यातलाही वाटा जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीला मिळतो. अलिबागपासून गुहागरपर्यंत किनाऱ्यालगतच्या जमिनींचे व्यवहार जोरात आहेत, त्या गावांसाठी ही रक्कम किरकोळ नसते. तरी ग्रामसभेत तिच्याबद्दल विचारणारा माणूस मला क्वचितच दिसला.

दुसरा खिसा केंद्रीय वित्त आयोगाचा, आणि लहान गावांत बहुतेक वेळा हाच सर्वात मोठा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात ६० टक्के निधी बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा, आणि ४० टक्के अबंधित. गावाला दहा लाख मिळाले तर सहा लाख पाणी-स्वच्छतेचे, चार लाख बाकी गरजांचे. पाखाडी बसते ती या चार लाखांत, आणि त्याच चारांवर शाळेची डागडुजी, स्मशानशेड, वाडीतले रस्ते सगळ्यांचा डोळा. महाराष्ट्रात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असं वाटप ठरलं होतं. २०२६-२७ पासून सोळाव्या आयोगाचा काळ आहे, तेव्हा जुने आकडे पाठ करून सभेला जाऊ नका. चालू वर्षाचं शासन परिपत्रक पंचायतीत मागा आणि बंधित-अबंधितचं प्रमाण त्यावरून वाचा.

तिसऱ्या खिशात आमदार-खासदार निधी, जिल्हा नियोजन समितीचा निधी आणि निरनिराळ्या योजना. इथे एक खाच आहे. यातली बरीच कामं जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतः करतो. गावात फलक लागतो, रस्ता होतो, पण पंचायतीच्या रोकड वहीत त्याचा एक रुपयाही नसतो. अशा कामाचा हिशोब ग्रामसेवकाकडे मागितला तर तो हात वर करतो, आणि ते खरंच असतं.

जे पंचायतीकडे नाहीच, त्यासाठी पंचायतीशी भांडू नका

किनाऱ्यावर हे विशेष सांगावं लागतं. मच्छीमार जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळ किंवा मत्स्यव्यवसाय विभागाकडे असते. समुद्राची धूप थांबवणारे बंधारे सागरी मंडळ किंवा पतन विभागाचे. राज्यमार्ग बांधकाम विभागाचा. ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा. पंचायतीच्या ताब्यात कोणते रस्ते आहेत याची वेगळी नोंदवही असते, नमुना २३, आणि वाद सुरू होण्याआधी ती पाहिली तर वेळ वाचतो.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते. दोन्ही वेळा लोक पत्रे आणि पोफळी-माडांच्या भरपाईसाठी पंचायतीच्या दारात उभे राहिले. ती भरपाई पंचनाम्यावर, तहसीलदारांमार्फत, राज्याच्या आपत्ती निधीतून येते. पंचायतीचं अंदाजपत्रक त्यात नसतं. पण पंचायतीचे स्वतःचे दिवे, पाण्याची टाकी, कार्यालयाचं छप्पर यांचं नुकसान मात्र तिच्याच हिशोबात दिसलं पाहिजे. वर्षाच्या मधे असा खर्च आला की सुधारित अंदाजपत्रक किंवा पुनर्विनियोजन (एका बाबीचा पैसा दुसऱ्या बाबीला देणं) करावं लागतं, त्यासाठी नमुना २ आहे. वादळाच्या वर्षाचा नमुना २ एकदा जरूर वाचा. कोणत्या कामाचा पैसा कशासाठी वळवला गेला हे त्या एका कागदावर दिसतं.

तिसरी पायरी: वर्षाचं चक्र कोकणाच्या वर्षाशी जुळवा

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हाव्या लागतात. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास त्या होतात. प्रत्येक सभेआधी महिलांची स्वतंत्र सभा असते. बायकांनी तिथे पाण्याचा विषय ठरावात लिहून घेतला तर मोठ्या सभेत तो डावलणं अवघड जातं.

गणपूर्तीसाठी गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे तुम्ही "कोण जातंय" म्हणून घरी बसलात, तर पुढच्या वेळी पंधरा माणसं मिळून वर्षाचा आराखडा मंजूर करू शकतात, आणि तो पूर्ण कायदेशीर असतो.

आता आपलं चक्र पाहा. घरं बंद, माणसं मुंबईत. गाव भरतं ते शिमग्याला, मे महिन्यात आणि गणपतीला. २ ऑक्टोबरपासून पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम सुरू होते, आणि गणपती त्याच्या आधी येऊन जातात. म्हणून आमच्या वाडीने एक प्रथा पाडली. आरती झाली की एका संध्याकाळी सगळे बसतात आणि वाडीच्या कामांची यादी करतात. दहा नाही, तीनच. कोणतं आधी हेही तिथेच ठरतं. मुंबईकरांची मतं तेव्हाच ऐकली जातात, नंतर फोनवर वाद नको. ती यादी सह्यांनिशी पंचायतीत देतो आणि पोच घेतो. २ ऑक्टोबरच्या सभेला गावात असलेली चार माणसं ती यादी वाचून दाखवतात.

यादी लिहिताना मी केलेली चूक करू नका. आम्ही लिहिलं होतं "वाडीतील पाखाडी दुरुस्ती". काम मंजूर झालं, पूर्णही झालं, फक्त दुसऱ्या पाखाडीचं. कोणी खोटेपणा केला नव्हता. वाडीत पाखाड्या तीन आणि ठरावात नाव एकाचंही नाही. तेव्हापासून आम्ही लिहितो: "विहिरीपासून देवळाच्या पायऱ्यांपर्यंत, अंदाजे ४० मीटर, दोन्ही बाजूंस कठडा." ठरावात सुरुवात, शेवट आणि लांबी या तीन गोष्टी हव्यातच.

वार्षिक अंदाजपत्रकाची तयारी हिवाळ्यात होते आणि नवं आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी ते मंजूर व्हावं लागतं. २६ जानेवारीच्या सभेत मसुदा वाचायला मागा, तेव्हा आकडे अजून बदलता येतात. मार्चनंतर फक्त हळहळता येतं.

चौथी पायरी: कोणत्या वह्या उघडायच्या

लेखा संहिता २०११ नुसार ग्रामपंचायतीत नमुना १ ते ३३ असं दप्तर असतं. तेहेतीस वह्यांनी घाबरू नका. सुरुवातीला पाच-सहा पुरतात.

नमुना १, वार्षिक अंदाजपत्रक. यात रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती आले-गेले, चालू वर्षाचा अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. आधी मागच्या वर्षाचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर पाहा. घरपट्टीचे चार लाख येतील असं दरवर्षी लिहिलं जातं आणि दरवर्षी सव्वादोनच येतात, तर खर्चाची बाजूही कागदावरचीच राहणार.

मग नमुना ८ आणि ९. आठमध्ये प्रत्येक घराची कर आकारणी, नऊमध्ये मागणी, म्हणजे चालू कर अधिक थकबाकी. दहा नंबरची पावती तुम्हाला मिळते. घराची आकारणी आता भांडवली मूल्यावर होते: बांधकामाचा प्रकार, वय, क्षेत्रफळ आणि वापर बघून. किनाऱ्यावर वापराचा रकाना फार महत्त्वाचा. राहतं घर आणि पर्यटकांना भाड्याने दिलेल्या खोल्या यांचा दर एक नसतो. ज्या गावात दहा-वीस रिसॉर्ट उभे राहिलेत तिथे नमुना ८ मध्ये त्यांची नोंद निवासी आहे की व्यावसायिक, हे पाहिल्याशिवाय "पंचायत गरीब आहे" हे मान्य करू नका. आणि एक खुलासा, कारण त्यावरून भावाभावांत भांडणं होतात: आठ नंबरचा उतारा हा कर आकारणीचा आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

थकबाकीत बंद घरं मोठी असतात. मुंबईत असलेल्या भावंडांनी घरपट्टी 'गणपतीला आलो की भरू' म्हणून ठेवलेली. ती सप्टेंबरात आली तर निदान हिवाळ्यातल्या अंदाजात धरता येते. ज्यांना गावाबद्दल खरी कळकळ आहे त्यांनी आधी आपलं नाव नमुना ९ मध्ये शोधावं.

नमुना ५, रोकड वही. रोजची जमा, रोजचा खर्च. ही वही आणि बँकेचं पासबुक शेजारी ठेवा. निधीनिहाय खाती वेगळी असतात: ग्रामनिधी, पाणीपुरवठा, वित्त आयोग. प्रत्येकाचा ताळमेळ वेगळा लागतो. गणित साधं आहे: आरंभीची शिल्लक अधिक जमा, वजा खर्च, बरोबर अखेरची शिल्लक. पण शिल्लक दिसली म्हणून "पैसे पडून आहेत" असं लगेच म्हणू नका. काम चालू आहे आणि बिल यायचं आहे, असंही असतं. किती रकमेची कामं सुरू आहेत ते विचारून मगच बोला.

वर्षअखेरचं जमा-खर्चाचं विवरण नमुना ३ मध्ये असतं. पंचायतीच्या इमारती आणि इतर स्थावर मालमत्ता नमुना २२ मध्ये. शेवटचा नमुना ३३ झाडांच्या नोंदीचा. पंचायतीच्या जागेतले आंबे-फणस त्यात असायला हवेत, कारण त्यांच्या फळांचा लिलाव हेही उत्पन्नच आहे.

पाचवी पायरी: पाखाडीच्या मागे चाला

काम आराखड्यात आलं, अंदाजपत्रकात पैसे ठेवले गेले. पुढचा क्रम असा: अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता (ते अंदाजपत्रक बरोबर असल्याची अभियंत्यांची मंजुरी), प्रशासकीय मान्यता (काम आणि खर्च करायला मंजुरी), कार्यारंभ आदेश, काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल, मासिक सभेत मंजुरी, पैसे अदा, पूर्णत्वाचा दाखला. काम अडलं असेल तर ते यांतल्या एका जागी अडलेलं असतं. "काम का होत नाही?" असं विचारू नका. "तांत्रिक मान्यता कोणत्या तारखेला मागितली?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सबब मिळते, दुसऱ्याला तारीख द्यावी लागते.

वित्त आयोगाच्या पैशाचा माग घरबसल्याही काढता येतो. ई-ग्रामस्वराज हे केंद्राचं संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० पासून सुरू आहे. राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडलं की मंजूर आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. पैसे सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन अदा होतात. (ग्रामसेवकाचं पदनाम आता 'ग्रामपंचायत अधिकारी' झालं आहे, गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) ग्रामनिधीचा रोजचा खर्च मात्र तिथे नीट सापडेल अशी आशा धरू नका, त्यासाठी रोकड वहीच.

दापोली, गुहागर, देवगड-जामसंडे अशा नगरपंचायतींत किंवा मालवण, वेंगुर्ला, मुरुडसारख्या नगरपरिषदांत राहत असाल तर कायदा वेगळा आहे, १९६५ चा. तिथे ग्रामसभा नाही, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आणि लेखापाल आहेत, आणि अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेत मंजूर होतं. तुमचा माणूस म्हणजे प्रभागाचा नगरसेवक. त्याला सभेआधी गाठा. एक काम धरून चालण्याची रीत तिथेही तीच.

सहावी पायरी: १ मेची सभा चुकवू नका

कलम ८ प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे चार गोष्टी ठेवाव्या लागतात: मागच्या वर्षाचा हिशोब, प्रशासन अहवाल, चालू वर्षात करायची कामं, आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचं टिपण त्याच्या उत्तरांसह. ही सभा बहुधा १ मेची असते, आणि तेव्हा चाकरमानी गावात असतात. आंबा काढणी ऐन भरात असते हे खरं, तरी दोन तास काढा.

या चौघांत लेखापरीक्षण सर्वात कमी वाचलं जातं आणि सर्वात जास्त बोलतं. स्थानिक निधी लेखापरीक्षक दप्तर तपासून आक्षेप लिहितात: प्रमाणक (खर्चाचं व्हाउचर) नाही, मोजमाप नोंदलेलं नाही, अमुक रक्कम वसूलपात्र. प्रत्येक आक्षेप म्हणजे चोरी नव्हे. पुष्कळदा पावती जोडायची राहिलेली असते. पण तोच आक्षेप चौथ्या वर्षीही तसाच असेल, तर अनुपालन, म्हणजे त्या आक्षेपाची पूर्तता, का झालं नाही हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कागद आधी तोंडी मागा, मग साध्या अर्जाने. नाहीच मिळाले तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आहे: दहा रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क माफ. अर्जात "सर्व हिशोब द्यावा" लिहू नका. "अमुक पाखाडीच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि बिलाची प्रत" असं लिहा. अर्ज लहान असला की टाळाटाळीला जागा राहत नाही, आणि कार्यालयात तुमच्याशी कोणाचं वैरही होत नाही.

आमची पाखाडी अखेर झाली. मोजमाप पुस्तिकेची प्रत घेऊन वाडीतली दोन पोरं आणि मी टेप लावून गेलो. कागदावर ४२ मीटर, जागेवरही ४२. कठडा होता, चिराही चांगला होता. एकच गोष्ट नव्हती: वरच्या बाजूचं गटार. अंदाजपत्रक उघडून पाहिलं, तर ते आम्हीच यादीत लिहिलं नव्हतं, म्हणून अभियंत्याने धरलं नव्हतं. या गणपतीच्या यादीत पहिलं काम तेच आहे: विहिरीच्या वरच्या अंगापासून, डाव्या बाजूने, ४२ मीटर.